नवा स्वयंपाकी

नाकुरूच्या स्टेशनसमोर पेल्हमबाईंचं हॉटेल होतं, फक्त गोऱ्या प्रवाशांसाठी. एका पाहुण्याने मटणाच्या रश्श्याला नाक मुरडलं, तर बाईंनी स्वयंपाकी कमोथोला उभ्या उभ्या कामावरून काढलं. मग त्याने बायकोला, न्योकाबीला, हाताशी धरून बाजारामागे ट्रक ड्रायव्हरांसाठी खानावळ टाकली. रात्रीच्या मुक्कामाला मागे दोन खोल्याही काढल्या.

एकदा नवराबायको भाजी घेत असताना पेल्हमबाई समोर आल्या.

"तुझ्या जागी आलेला गिथाए बघ," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "त्याच्या रश्श्यासाठी लोक मुक्काम वाढवतात. शीक जरा त्याच्याकडून."

"शिकतो, मेमसाब," कमोथो मान खाली घालून म्हणाला.

खानावळीत पोहोचेपर्यंत न्योकाबी नुसती धुमसत होती. "चार लोकांत बाईनं तुमचा पाणउतारा केला आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान हलवलीत. तोंड शिवलं होतं का?"

कमोथोने शांतपणे रश्श्याचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवलं.



"हळू बोल. हे न्यायला गिथाए येतच असेल. त्याला रस्सा जमत नाही हे मेमसाबला कळलं, तर आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जाईल."