घराचं नाक

"दोन धडधाकट माणसं चुलीपाशी बसलीत आणि कांद्याचा कोळसा झाला! नाकं काय खुंटीला टांगून ठेवलीत?"

सिदोनीच्या आईने, जॉर्जेतने, पातेलं मोरीत आदळलं.

"मी पेपर वाचत होतो," बाबा म्हणाले. रग्बीचं पान उघडलं की घर पेटलं तरी त्यांना पत्ता लागत नसे.

सिदोनीच्या हातात तर पेपरही नव्हता.

आई बाबांकडे वळली. "तुझं हे नेहमीचंच, फिर्मां. छपराची कौलं कधी बसवणार? दातांच्या डॉक्टरकडे कधी जाणार? त्या कुत्र्याला कधी धुणार?"

"एकदा वाइनच्या पिंपांचं उरकू दे," म्हणत बाबा उठले. सिदोनीही त्यांच्या मागोमाग तळघरात उतरली.

यंदाच्या हिवाळ्यातल्या तापाने तिची वासाची जाणीवच नेली होती. जिभेला आंबट, तुरट कळायचं, तेवढंच. घरात तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? शेजारचा बडा द्राक्षमळेवाला दर वर्षी जमीन मागायला यायचा आणि दर वर्षी बाबा त्याला एकच उत्तर द्यायचे, "या घरात एक नाक शाबूत आहे तोवर मळा विकायचा नाही." ते स्वतःच्या नाकाविषयी बोलत नसत. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. बोलताना ते लेकीकडे बघायचे, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज वास-चव घेऊन पाच पिंपांचा निकाल लावायचा होता. चांगली एकत्र करून घरच्या नावाने बाटल्यांत भरायची आणि नको असलेली टँकरवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकायची. एक जरी वाईट पिंप त्यात मिसळलं असतं, तर सगळं वर्ष मातीत गेलं असतं.

सिदोनीने तोड काढली होती. बाबांचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. त्यांचा चेहरा वाचायचा आणि बोलायचं. ते तिला नेहमीच आधी बोलायला लावत. मास्तरकी अंगात मुरलेली, दुसरं काय!

त्यांनी पहिल्या पिंपातली वाइन दोन पेल्यांत काढली. बाबांनी घोट घेतला. चेहरा शांत.

"सांग," ते म्हणाले.

"ठेवू या."

"माझ्या मनातलं बोललीस."

दुसऱ्याचंही तसंच झालं. तिसरं पिंप पार आतल्या गारव्यात होतं. आईच्या माहेरच्या जमिनीच्या तुकड्यातली ती द्राक्षं, त्यामुळे ते चांगलं निघावं अशी सिदोनीची फार इच्छा होती. बाबांनी घोट तोंडात घोळवला आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांचं तोंड वाकडं झालं.

सिदोनीने जड मनाने नाक मुरडलं. "कुबट आहे, बाबा."

बाबांनी पेला खाली ठेवला. "खरंय," ते म्हणाले. "कुबटच. आता तुझ्या आईला कोण सांगणार?"

चौथं ठेवलं, पाचवंही ठेवलं. आईला शेवटी सिदोनीनेच सांगितलं.

दुपारी टँकरवाला आला. नळी जोडता जोडता त्याने बोटभर वाइन चाखली आणि मिटक्या मारल्या. "ही टाकताय? लेक फारच चोखंदळ निघाली हो तुमची!"

"माझ्यापेक्षा वरचढ," बाबा ऐटीत म्हणाले.

आई दारात उभी होती. "माझ्याच माहेरचं वाईट निघायचं होतं होय," एवढंच पुटपुटून ती आत गेली. टँकर उतारावरून वळून दिसेनासा झाला.

बाबांनी कमरेची किल्ली सोडून सिदोनीच्या हातावर ठेवली.

"हे काय, बाबा?"

"तळघर आजपासून तुझं. तो शेजारी आता जन्मभर वाट बघेल!" ते हसले, पण डोळे भरून आले होते. "एक सांगायचं राहिलंय. आईला कळू देऊ नकोस. दोन वर्षं झाली, मला ना गुलाबाचा वास येत, ना शेणाचा. म्हणून तुला आधी बोलायला लावायचो. तू मान डोलावलीस की मी डोलवायचो. गेल्या वर्षीच्या वाइनवर लोक तुटून पडले ना? ते सगळं तुझं, पोरी. आज तिसऱ्याला नाक मुरडलंस तेव्हा वाटलं, आता मी सुखाने डोळे मिटायला मोकळा."

सिदोनीच्या हातातली किल्ली जड झाली. बाबांवर तिचा इतका जीव होता की खोटं बोलणंही आता जमेना.

"बाबा... नाक मी नंतर मुरडलं. आधी तोंड तुम्ही वाकडं केलंत. तापापासून मलाही कसलाच वास येत नाही. मी फक्त तुमच्या तोंडाकडे बघत होते."

बाबांनी आ वासला. मग त्यांचा हात हळूच गालाकडे गेला.

"ते होय? अगं, गार लागलं म्हणून दाढ ठणकली."