दोनशे बारावं पान

पुस्तकं सगळी उलटी लावली होती. पाठी भिंतीकडे, पानांच्या कडा बाहेर. जमिनीपासून छतापर्यंत सहा कप्पे, सगळे एकाच फिकट रंगाचे. एकाही पुस्तकाचं नाव दिसत नव्हतं.

आई आंघोळ करून बाहेर आली आणि चष्मा पुसत त्या भिंतीसमोर उभी राहिली.

“बघा काकू, खोली कशी शांत झाली!” सजावट करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. कप्प्यातली पांढरी फुलदाणी त्या बोटभर इकडे, बोटभर तिकडे करून पाहत होत्या.

“शांत झाली खरी,” आई म्हणाली. “कोणी ओळखच देत नाहीये.”

मुलगा हसला. तासाभरात या भिंतीचा फोटो निघणार होता. तो मासिकात छापून येणार होता, खाली सजावट म्हणून मॅडमचं नाव आणि घर म्हणून त्याचं. सकाळपासून त्यानेच पुस्तकं उंचीप्रमाणे लावून दिली होती.

“माझं पुस्तक कुठे ठेवलंस रे?”

“कुठलं?”

“रोज वाचते ते.”

“नाव काय त्याचं?”

आईने त्याच्याकडे पाहिलं. “तूच लावलंस ना? वाचलं असशील.”

त्याने मान खाजवली. “जाड होतं का?”

रोजचं एक पान वाचून झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, असा आईचा नेम होता. काल दोनशे अकरावं झालं होतं. तिथे खुणेचा निळा दोरा होता, पुस्तकाबाहेर वीतभर लोंबणारा.

“दोरा दिसत नाही,” ती म्हणाली.

“ते दोरे होय! बऱ्याच पुस्तकांत होते हो काकू. सगळे ओढून काढले मी. फोटोत फार वाईट दिसतात.”

केराच्या डब्यात दोऱ्यांचा गुंता पडला होता. आईने तो उचलला, झटकला आणि मनगटाला गुंडाळला. मग ओट्याजवळचं स्टूल ओढत भिंतीपाशी आणलं. त्याचा एक पाय तोकडा होता.

“आई, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. फोटो झाला की मी स्वतः शोधून देतो. तोवर मोबाइलवर वाच काहीतरी. आणि आधी पाणी पी बघू.”

“वाचल्यावर.”

तिने पहिलं पुस्तक बाहेर ओढलं आणि सुलटं करून ठेवलं. पाठीवर लाल चौकड्यांचं कापड होतं. वाचनालयात नोकरी करताना तिथून बाद झालेली ही पुस्तकं तिने एकेक करून घरी आणली होती. हाताला लागेल त्या कापडाची पट्टी खळीने चिकटवून ती पुन्हा उभी केली होती, आणि पट्टीवर स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं होतं.

“अहो काकू, लाल नको! लाल आधी डोळ्यांत भरतं.”

“म्हणूनच लावलंय. पटकन सापडतं.”

दुसरं. तिसरं. निळी पट्टी, फुलाफुलांची, मग एक जुन्या पडद्याची. तिसऱ्या कप्प्याच्या टोकाला तिचं पुस्तक निघालं. ती तिथेच स्टुलावर बसली आणि पान काढून वाचू लागली. ओठ हलत होते. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. वाचून झाल्यावर तिने मनगटावरच्या गुंत्यातला एक दोरा सोडवून पानात ठेवला, पुस्तक कप्प्यात सरळ लावलं आणि आत जाऊन पेलाभर पाणी प्याली.

“झालं एकदाचं!” मुलाने सुस्कारा सोडला. ती बाहेर आली तोवर त्याने ते पुस्तक आणि शेजारची दहाबारा पुन्हा उलटी करून ठेवली होती. “घ्या मॅडम, काढा फोटो.”

आईने पुस्तक बाहेर काढलं. सुलटं लावलं. मग शेजारचं.

“आता काय? तुझं झालं ना वाचून?”

“माझं झालं. यांचं राहिलंय.”

“काकू,” मॅडमचा आवाज जरा चढला, “मासिकात जायचंय हे. असली ठिगळं मी माझ्या नावावर नाही देऊ शकत.”

“नका देऊ,” आई हळूच म्हणाली. तिचा आवाज कधीच याहून मोठा नसायचा. “माझं नाव घाला. ठिगळं माझीच आहेत.”

मुलगा दारात हाताची घडी घालून उभा राहिला. खालचे तीन कप्पे रंगीबेरंगी झाले. चौथाही झाला. आई स्टुलावर चढली, आणि तोकड्या पायामुळे स्टूल खडखडलं.

“आई, पडशील! वरचं राहू दे. तिथे कोण बघतंय?”

“मी बघते.”

मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावून पाहिलं, खाली घेतला, पुन्हा लावला. शेवटी त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “बरं काकू, राहू द्या तुमचं. वरचा डावीकडचा कोपरा अजून आहे तसाच आहे. तेवढाच घेते मी. दोन मिनिटं बाजूला होता?”

“होते की,” आई म्हणाली.

ती स्टुलावरून उतरली. स्टूल उचललं आणि डावीकडच्या कोपऱ्याखाली नेऊन ठेवलं. एक पाय वर टाकला. स्टूल पुन्हा खडखडलं.

मुलाने मॅडमकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग तो पुढे आला आणि खाली वाकून त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

“घट्ट धर,” वरून आई म्हणाली. “अजून दोन कप्पे आहेत.”