बांधावरची रानवांगी

मोहर्लीच्या रिसॉर्टची गाडी रोज वांगी घ्यायला रंजीताच्या वाडीपुढे थांबायची, तेव्हा बांधाच्या अलीकडे तिची मोठी जाऊ कमळा आपली वाळलेली वांग्याची झाडं उपटत असायची. जमीन एकाच सासऱ्याची, पाणी एकाच विहिरीचं. तरी मातीतल्या सूत्रकृमी या बारीक किडीनं मुळांवर गाठी केल्या त्या कमळाच्याच झाडांच्या. जीव जळायचा. मग बांधावरची काटेरी रानवांगी उपटून ती मुद्दाम रंजीताच्या वाडीत भिरकावायची.

यंदा रंजीता जेवायला गेलेली पाहून कमळानं बियाण्यासाठी पिकू दिलेलं तिचं एक वांगं चोरलं आणि त्याचं बी लावलं. फुलावर यायच्या आधीच ती झाडंही मान टाकून बसली. मुळांवर त्याच गाठी.

रंजीता बांधावर आली. त्या झाडांवरून तिनं आपलं बी ओळखलं.

"बाई, बी नेऊन फायदा नाई. माझं वांगं तर तुमच्या वांग्यासारखंच साधं हाय. मी त्याचं कलम दुसऱ्या झाडाच्या मुळावर बांधतो. त्या झाडाच्या जातीतच असं काही हाय, का कृमी मुळात शिरला तरी उपाशी मरते."

"कुठून आणलं ते झाड?"

"आणलं नाई. रानवांगंच हाय ते. तुम्हीच तर सालोसाल इकडं फेकून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळा आपल्या बांधावर उरलेल्या रानवांग्यांना कुंपण घालत होती.