अक्काच्या निरोपाचं गाणं

नरसव्वानं थोरल्या बहिणीच्या, बुचव्वाच्या, उशाशी बसून पहिली ओळ लावली, "उठ गं अक्का, ऊन आलं दारी," आणि चार वर्षांची लास्या अंगणाच्या मधोमध येऊन कंबर हलवायला लागली.

पोरीचा काय दोष! एक हात कमरेवर, दुसरा डोक्यामागे, सिनेमातली ती बाई नाचते अगदी तसं. बाजेवर पणजी मरून पडलीय हे तिला कुठलं कळायला. हे गाणं लागलं की नाचायचं, एवढंच तिला ठाऊक. संक्रांतीला तो मोठ्या हिरोचा सिनेमा आल्यापासून गावात दुसरं काही वाजलंय का? लग्नात तेच, गणपतीत तेच, ऑटोत तेच. थेटरात तर या गाण्याला लोक कागद उधळतात आणि खुर्च्यांवर उभे राहतात.

लास्याच्या आईनं झडप घालून तिला उचललं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. पण बायकांत खसखस पिकायची ती पिकलीच. कुणी पदर तोंडाशी धरला, कुणी खाली मान घातली. दाराबाहेरच्या तरण्या पोरांपैकी एकानं तर शिट्टी मारली.

"लाज नाही वाटत? माझी आई गेलीय इथं!" बुचव्वाचा मुलगा कोमरय्या ओरडला. मग वळून हळू आवाजात म्हणाला, "तू म्हण, मावशी. बघतो आता कोण हसतंय ते."

नरसव्वानं डोळे पुसले. या घरात मेलेल्या माणसाला हे गाणं ऐकवल्याशिवाय उचलत नाहीत. आईनं दोघी बहिणींना शिकवलेलं, सात कडव्यांचं. "मी गेले की सगळं म्हणायचं हं, मधली कडवी खाऊ नकोस," असं बुचव्वानं तिला कितीदा तरी बजावून ठेवलं होतं. आणि आता ते म्हणणारी एकटी नरसव्वाच उरली होती.

तिनं पुन्हा सुरुवात केली, आणखी संथ. ओळ संपली की डफासारख्या डप्पूवर एकच ठोका पडायचा, ही जुनी रीत. डप्पूवाल्या यादगिरीनं ठोका दिला, पण त्याची काठी काही थांबेना. ती तशीच धावत सुटली, थेट सिनेमातल्या चालीवर. बसलेल्या बायकांचे पाय हलायला लागले.

"यादगिरी!" कोमरय्या खेकसला.

यादगिरीनं दोन्ही काठ्या मांडीखाली दडपल्या. बिचारा रडकुंडीला आला होता. "देवाशपथ, मुद्दाम नाही केलं. यंदा चाळीस लग्नांत हेच बडवलंय. हात आपोआप तिकडे जातो."

"राहू दे," नरसव्वा म्हणाली. "मी नुसतंच म्हणते."

"अगं, दुसरं काही म्हण," शेजारची सायव्वा म्हणाली. "एखादं भजन म्हण."

"भजन? तिला? जन्मात कधी भजनाला बसली नाही ती. ऐकलं तर उठून जाईल."

आणि चूक कुणाची, हे नरसव्वाला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांमागं हैदराबादेहून दोघं जण आले, गाणं रेकॉर्ड करायला मोबाइल पुढे धरून बसले. मढं समोर असल्याशिवाय हे गाणं म्हणत नाहीत, घराला बाधतं, असं तिनं त्यांना सांगितलं. ते हिरमुसून उठायला लागले, तर बुचव्वाच म्हणाली, "दारी आलेल्यांना असं पाठवतात का गं? थांब, मी मरते." याच बाजेवर ती आडवी झाली आणि डोक्यावरून लुगडं ओढून घेतलं. नरसव्वा गायली, आणि गाता गाता तिला खरंच रडू फुटलं. ते दोघं शहरवालेही डोळे टिपत होते. लुगड्याखाली बुचव्वाचं पोट तेवढं हसून हसून गदगदत होतं. पुढे तेच गाणं त्या सिनेमात निघालं, तेव्हा "माझ्या मरणाचं गाणं लागलंय" असं ती गावभर सांगत फिरली.

नरसव्वानं मांडी सावरली. आता कुणाकडे बघायचं नाही, असं ठरवून तिनं डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा ओळ लावली.

"उठ गं अक्का, ऊन आलं दारी..."

आणि ती थांबली. इथं थांबायची जागाच नव्हती. आई इथं कधी थांबायची नाही. सिनेमात मात्र इथं शंभर नाचणारे एकदम ओरडतात. नरसव्वाचा गळा आपसूक त्या ओरडण्याची वाट बघत राहिला. तिच्या ते ध्यानात आलं. पुढची ओळ काही केल्या आठवेना.

लास्यानं आईचा हात तोंडावरून बाजूला केला.

"हेय!"

मग कुणालाच आवरलं नाही. बायका हसल्या, यादगिरी हसला. आईच्या पायाशी बसलेला कोमरय्याही हसायला लागला. कपाळावर हात मारत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्याला हसू थांबवता येईना.

नरसव्वा तेवढी बहिणीकडे बघत होती. पांढरा कपडा गळ्यापर्यंत ओढलेला, वर झेंडूची फुलं. एकही फूल हलत नव्हतं. तिनं हळूच हात पुढे केला आणि बुचव्वाच्या पोटावर ठेवला.

"सगळे हसतायत, अक्का," ती म्हणाली. "तूही हस की गं आता."