तिसरा चिमटा

भट्टीतून काढलेली नळी निवली, तशी भट्टीबाईंनी ती हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली.

लेप द्यायच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे भट्टीबाईच म्हणत. अणुभट्टीचं इंधन ज्या नळ्यांत भरतात, त्यांच्यावर इथे क्रोमचा पातळ लेप चढे, आणि लेप दिलेला तुकडा बाई धगधगत्या वाफेत घालून बघत. लेप असला की नळी तावून सुलाखून धडधाकट बाहेर येई. नसला की वाफ तिला खाऊन टाकी.

आजचा तुकडा दोन्ही टोकांना धडधाकट होता. मधे मात्र नखाएवढा पांढरा डाग फुलला होता. बाईंनी तिथे नुसता अंगठा दाबला, आणि नळी खडूसारखी मोडली.

"हा कुठला तुकडा?" साहेबांनी विचारलं. साहेब मोठे हसतमुख. रागावले तरी विनोद करून रागावत.

"लांब नळीच्या मधला. टाकाऊतली एक मागून घेतली."

"आणि हा डाग?"

"चिमट्याचा."

लेप देताना नळी चिमट्यांत धरतात आणि चिमट्याखाली लेप बसत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. म्हणून चाचणीच्या आखूड नळ्यांची टोकं कापून टाकायची आणि मधलाच भाग भट्टीत घालायचा, ही पहिल्यापासूनची रीत. रीतीला कोण प्रश्न विचारतो? बाईंनीही कधी विचारला नव्हता. आज सकाळी हातमोजे मागायला त्या शेजारच्या लेपाच्या शेडमध्ये गेल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. अणुभट्टीत जाणारी लांब नळी मधे झोल खाते, म्हणून तिला तिथे तिसरा चिमटा लावतात.

"टोकं आपण कापतो, साहेब. मधलं कोण कापणार?"

साहेबांनी मोडलेले दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. पांढरी भुकटी त्यांच्या बाहीवर सांडली.

"अहो बाई, राईचा पर्वत करू नका. एवढी धग यायला आधी अणुभट्टीतलं पाणी आटायला हवं. आणि ते आटतंय कशाला? तिथल्या पंपांवर तर तुमची लेकच आहे!"

"पाणी आटणारच नसेल, तर आपण लेप कशाला देतो?"

नळ्या केव्हाच रवाना झाल्या होत्या, अणुभट्टीत बसवूनही झाल्या होत्या. साहेबांनी बाही झटकली.

"मी वर कळवतो. रीतसर," ते हळूच म्हणाले. "तोवर लेकीला उगाच घाबरवू नका."

बाईंना साहेबांची चीड आली, त्याहून जास्त स्वतःची. साहेबांच्या देखत त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि पंपघराचा नंबर फिरवला.

"आई! बरी वेळ साधलीस. आत्ताच अणुभट्टी चालू झाली बघ! सगळे इथेच जमलेत."

"अगं, ऐक माझं. तुमच्या साहेबांना दे फोन. आधी ती बंद करायला—"

"काही ऐकू येत नाहीये गं. थांब जरा."

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला होता. बाई ओरडत राहिल्या. लेकीने फोन टेबलावर ठेवला होता आणि तीही टाळ्या वाजवत होती.