निंबाचा पाला

कादंबरीतलं शेवटचं प्रकरण महिनाभर हलत नव्हतं. कारंजा गावाजवळच्या अपघातात माझा नवरा गेला, ते मी रोज सकाळी लिहीत होते, मोठ्याने वाचत होते, खोडत होते. दुपारी खोलीबाहेर यायचे तेव्हा अंग आंबलेलं असायचं आणि घास उतरायचा नाही. आज उंबऱ्याशी सासूबाई पाण्याची बादली घेऊन बसल्या होत्या. मुठीत कडुनिंबाचा पाला होता. "मसणातून आलेला माणूस तसाच घरात येते का? पाय धू, हे चाव, मग जेव." वाद घालण्याचंही त्राण नव्हतं. त्यांनीच माझ्या पायांवर पाणी ओतलं. पाला कडूजहर होता. कितीतरी दिवसांनी जिभेला काही कळलं. उरलेली पानं त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली. "तुम्ही काऊन, आई?" मी विचारलं. "तू मोठ्यानं वाचतं नं," त्या पाला चावत म्हणाल्या, "दाराआडून माहं बी रोज जाणं होते तिथं."