चेहऱ्याचा ठसा

"अगं, नाकपुड्या तरी मोकळ्या ठेव हं!" चटईवर पडल्या पडल्या हे हसले. लेकीने त्यांच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापलं. परवावर ह्यांचं ऑपरेशन आलेलं आणि हिचा ग्रीक-रोमन कलेचा अभ्यास चालूच.

मी लक्षवातीच्या वाती वळत बसले होते. ती सांगत होती, "ग्रीक लोक देखणे, तरुण चेहरे घडवायचे. रोमनांना सुरकुत्यांसकट आपला माणूस हवा असायचा. म्हणून ते चेहऱ्याचा मेणात ठसा घ्यायचे, आई."

"असंच झोपवून?"

"नाही गं. माणूस गेल्यावर."

वात बोटांतच राहिली. काल डॉक्टरांनी हिला एकटीलाच आत बोलावलं होतं.

"काय म्हणाले गं डॉक्टर?"

ती प्लास्टरची कड उगाच सारखी करत राहिली. प्लास्टरखाली ह्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचा हात चाचपडत माझ्याकडे आला.